‘मातृछाया’तला धाकटा प्रपोज करतो म्हणे

अहो, इकडे या जरा, कुंपणाशी. मोठ्यानं बोलायची सोय नाही, ‘श्रमसाफल्य’ची खिडकी उघडी आहे. ऐकलंत का? ‘मातृछाया’तला धाकटा बर्मिंगहॅमला चालला! चांगली दोन वर्षं. कंपनी पाठवतेय, राहायला घर देतेय, आणि जायच्या आधीच हातात प्रोजेक्ट लीडचं पत्र. नाही हो, ‘श्रमसाफल्य’मधला नाही. सगळ्यांना आधी तोच वाटला. दोघं एकाच कंपनीत ना, चाकणला, एकाच बसनं जातात. मीसुद्धा पुन्हा विचारून घेतलं, कोण म्हणालात? तर हाच.

शुक्रवारच्या भिशीत फुटली बातमी. ‘मातृछाया’च्या वहिनी काही मिरवायला आल्या नव्हत्या बरं का, त्यांचा तो स्वभावच नाही. त्या आपल्या हळूच म्हणाल्या, “पुढची भिशी माझ्याकडे नको, धाकट्याच्या व्हिसाची गडबड आहे.” झालं! सगळ्यांचे वडे हातातच राहिले. ‘श्रमसाफल्य’च्या ताईंनी विचारलं, “फिरायला चाललाय का?” वहिनी म्हणाल्या, “नाही, ऑफिसचंच आहे. लीड केलंय ना त्याला.” काय सांगू तुम्हाला, ताईंच्या चेहऱ्यावर हसू होतं ते तसंच राहिलं, पण त्याच्या मागचं माणूस उठून गेलं. मग चटणी वाढून घेतली आणि अगदी गोड आवाजात म्हणाल्या, “वा, छान. पण तिकडे त्याचं इंग्लिश... म्हणजे मॅनेज होईल ना?”

आम्ही सगळ्या आपापल्या ताटलीत बघायला लागलो. वहिनींनी पाण्याचा घोट घेतला. म्हणाल्या, “इंग्लिश बघूनच पाठवतायत म्हणे.”

अहो, मी एरवी कुणाची बाजू घेत नाही, पण त्या वाक्यावर मी वडा परत घेतला.

आता तुम्हाला माहितीच आहे, हा मुलगा आपल्या मराठी शाळेतला. सरकारनं पहिलीपासून इंग्रजी सुरू केलं ते 2000 साली, ते रामकृष्ण मोरे शिक्षणमंत्री होते तेव्हा. केवढा गदारोळ झाला होता, आठवतं ना? याची पहिली त्याच्या आधीच होऊन गेलेली. म्हणजे एबीसीडी पाचवीत. आणि तिकडे ‘श्रमसाफल्य’? नर्सरीपासून कॉन्व्हेंट. घरात कुत्र्याशीसुद्धा इंग्रजीत बोलतात. “ब्रूनो, सिट. ब्रूनो, डोंट बी सिली.” आपण हाक मारली तर तो ब्रूनो बघतसुद्धा नाही. मी एकदा “ये रे” म्हटलं तर ताई म्हणाल्या, “त्याला मराठी कळत नाही हो.” कुत्र्याला!

तर काय सांगत होते... हां, प्रपोज.

गेल्या पावसाळ्यातली गोष्ट. तुमच्या कानावर आलीच असेल, पण अर्धवट आली असेल. रोज रात्री जेवणं झाली की हा धाकटा गच्चीवर. हातात फोन, येरझाऱ्या, आणि हळू आवाजात बोलणं. आता आपल्या गल्लीत रात्री किती शांत असतं! ‘गुरुकृपा’तल्या आजींना झोप नाही, त्या खिडकीत बसलेल्या. त्यांनी ऐकलं, “आय वुड लाइक टु प्रपोज...” दुसऱ्या रात्री पुन्हा, “आय वुड लाइक टु प्रपोज...” आणि मध्येच “डेट”. आजींचं इंग्रजी जुन्या मॅट्रिकचं असलं तरी टीव्ही बघतात ना रोज, प्रपोज आणि डेट त्यांना बरोबर कळतं. सकाळी दूध घ्यायच्या आधी सगळ्या गल्लीला कळलं की मातृछायातला धाकटा कुणाला तरी रोज मागणी घालतोय, आणि ती काही हो म्हणत नाहीये. इंग्रजीत विचारतोय म्हणजे आपल्यातली नसणार, हेही ठरलं. ‘श्रमसाफल्य’ताई म्हणाल्या, “फॉरेनर असेल.” आणि हे म्हणताना काय तो आनंद!

शेवटी कुणीतरी वहिनींच्या कानावर घातलंच. कुणी ते विचारू नका. वहिनी रात्री पाय न वाजवता जिना चढल्या. आणि ऐकलं काय? “आय वुड लाइक टु प्रपोज अ रिव्हाइज्ड डेट फॉर डिस्पॅच.” अहो, मालाची तारीख! फोनवर पलीकडे कुणीच नाही. स्वतःचं बोलणं रेकॉर्ड करायचा, मग कानाला लावून ऐकायचा, मग पुन्हा बोलायचा. त्या दिवशी ऑफिसात जे बोलायला हवं होतं आणि तोंडातून फुटलं नाही, तेच रात्री गच्चीवर. वहिनी म्हणतात, “मला हसावं की रडावं कळेना, पोरगं कावळ्यांना डिस्पॅच डेट सांगतंय.”

आजी मात्र अजून म्हणतात, पहिल्या दिवशी आवाज वेगळाच होता.

बरं, त्यात भर म्हणजे तो शनिवारी संध्याकाळी इस्त्रीचा शर्ट घालून बाहेर जायला लागला. आता गच्चीचा खुलासा झाला तरी शनिवारचं काय? वहिनींना राहवेना. मला म्हणाल्या, “तुम्ही येता का सोबत? नुसतं लांबून बघू.” मी काय, मी तयारच. रिक्षानं गेलो मागोमाग. तर एका शाळेच्या हॉलमध्ये शिरला. आम्ही दारात घुटमळतोय तोच एक मुलगी पुढे आली, हसून म्हणाली, “वेलकम, गेस्ट्स?” आणि थेट तिसऱ्या रांगेत नेऊन बसवलं. वहिनींनी पदर घेतला तोंडावर, पण पोरानं बघायचं ते बघितलंच.

टोस्टमास्टर्स म्हणतात त्याला. मला आधी वाटलं टोस्ट-खारी असेल. तसलं काही नाही, भाषण करायचं मंडळ आहे. 1924 साली कॅलिफोर्नियात कुणी राल्फ स्मेडली म्हणून होता, त्यानं सुरू केलं, आता जगभर आहेत म्हणे. मास्तर कुणी नाही हं. सगळे आपसातच एकमेकांना ऐकतात आणि सांगतात. एक जण घड्याळ घेऊन बसतो: हिरवा दिवा, पिवळा दिवा, लाल दिवा. लाल लागला की आवरा. आणि एक असतो त्याला म्हणतात आ-काउंटर. अहो, त्याचं काम एकच, बोलणारा किती वेळा “आं... ऊं... सो... यू नो” करतो ते मोजायचं! आणि शेवटी उभा राहून सगळ्यांसमोर नावानिशी वाचून दाखवतो. मी वहिनींना म्हटलं, आपल्या महिला मंडळात असा एक बसवला पाहिजे, अध्यक्षीण बाईंसाठी.

मग टेबल टॉपिक्स. चिठ्ठीसारखा आयत्या वेळी विषय देतात आणि लगेच उठून मिनिट-दोन मिनिटं बोलायचं. आमच्या धाकट्याला विषय आला, तुमच्या गल्लीतला आवाज. झालं, मी आणि वहिनी एकमेकींकडे बघेना. आणि त्यानं काय सांगितलं असेल? गच्चीची सगळी हकीकत! आजी, प्रपोज, डेट, सगळं. नावं नाही घेतली हो, शहाणा आहे. पण हॉल नुसता हसत होता. साधं इंग्रजी, छोटी छोटी वाक्यं, मला सगळं कळलं. “ॲक्च्युअली” मात्र फार वेळा आला. त्या आ-काउंटरनं ते बरोबर धरलं. मुलानं तोंड पाडलं नाही, वहीत लिहून घेतलं.

शेवटी पाहुण्यांनाही बोलायला लावतात. वहिनी तर बाकाखाली जायच्या बेतात. मी उठले. म्हटलं, “व्हेरी नाइस प्रोग्रॅम, बट टी इज कोल्ड.” टाळ्या काय वाजवल्यात म्हणता!

पण अहो, नुसत्या भाषणानं काही कुणी बर्मिंगहॅमला जात नाही. आतली गोष्ट वेगळीच आहे. माझ्या बहिणीचा जावई त्यांच्याच कंपनीत परचेसला, त्याच्याकडून कळलं. तुम्हाला म्हणून सांगते.

पलीकडे अमेरिकन गिऱ्हाईक आहे यांचं. गाडीचे पार्ट जातात इथून. तर त्यांच्याकडून मेल आला, अमुक लॉट 04/05 ला पोचायला हवा. मेल होता आपल्या कॉन्व्हेंटवाल्याकडे. त्यानं वाचलं 4 मे. तुम्ही-मी पण तेच वाचू, आपल्याकडे दिवस आधी. पण अमेरिकेत महिना आधी लिहितात ना! म्हणजे 5 एप्रिल. एक अख्खा महिना गेला मध्ये! बोटीनं जायचा माल मग विमानानं पाठवावा लागला, आणि गाड्यांच्या धंद्यात पार्ट वेळेवर गेला नाही तर पलीकडची लाइन थांबते. विमानाचं भाडं कुणी द्यायचं यावर केवढी रणधुमाळी. आता यात इंग्रजी वाईट कुणाचं? कुणाचंच नाही. फाडफाड बोलणारा मुलगा आहे तो. पण त्याला विचारावंसं वाटलं नाही. आणि धाकट्याला वाटतं, कारण त्याला मुळात खात्रीच नसते! त्याच्या मेलमध्ये महिना नेहमी अक्षरात असतो, 4 मे म्हणजे 4 आणि पुढे मे असं लिहिलेलं, वेळ लिहिली तर भारतातली आणि त्यांच्याकडची दोन्ही. जावई म्हणतो, आता सगळ्या डिपार्टमेंटला तसं लिहायचा हुकूम आहे.

आणि ते “येस”. आपल्याला सवय असते ना, समोरचा बोलत असला की आपण “हो, हो” करत राहायचं. म्हणजे ऐकतोय, एवढंच. फोनवर पलीकडचा म्हणाला, “विल यू शिप ऑन फ्रायडे?” की हे आपले “येस, येस.” पलीकडे लिहून घेतलं, शुक्रवारी माल निघणार. शुक्रवारी इकडे कोटिंगचं मशीन बंद! मग सोमवारी “वी आर ट्रायिंग अवर लेव्हल बेस्ट”, बुधवारी “वी विल डू द नीडफुल”. अहो, नीडफुल म्हणजे काय, कोण करणार, कधी करणार? पलीकडच्याला वाटतं माणूस टोलवतोय.

धाकटा काय करायचा, कॉल संपायच्या आधी म्हणायचा, “लेट मी रिपीट व्हॉट आय अंडरस्टुड.” आणि मोजून सांगायचा, हे तुम्ही करणार, हे आम्ही, या तारखेला. समजलं नाही तर सरळ, “सॉरी, कुड यू से दॅट अगेन?” सुरुवातीला इकडची पोरं हसायची म्हणे, बघा, याला ॲक्सेंट कळत नाही. हसू देत. कॉल संपला की तासाभरात त्याचा मेल जायचा, तीन-चार ओळींचा: काय ठरलं, कोण करणार, कधीपर्यंत. एवढंच. आणि माल उशिरा जाणार असं दिसलं की त्याच दिवशी पहिल्या ओळीत लिहायचा, चार दिवस उशीर आहे, नवीन तारीख ही, आणि तोवर तुमची अडचण होऊ नये म्हणून आम्ही हे करतोय. प्रपोज अ रिव्हाइज्ड डेट! गच्चीवर घोटून घोटून पाठ केलेलं ना ते, असं लोण्यासारखं यायचं मग.

अमेरिकन गिऱ्हाईक शेवटी काय म्हणालं माहितीये? यापुढे कॉलवर तो नोट्स पाठवणारा मुलगा हवा. नाव घेऊन नाही, “द गाय हू सेंड्स द नोट्स”. मीटिंगमध्ये दहा माणसं, आणि कॉन्व्हेंटवाला तिथेच बसलेला. जावई म्हणतो, त्याच्याकडे बघवेना.

तर काय सांगत होते, पेढे! पेढ्यांचं विसरलेच की.

मार्चमध्ये ‘श्रमसाफल्य’ताईंनी पेढे वाटले, आठवतं? तुमच्याकडे पण आले होते, पावशेरचा पुडा. का वाटले? तर त्यांचा वरचा साहेब ब्रिटिश. त्यानं मुलाचं प्रेझेंटेशन बघितलं आणि म्हणाला, “दॅट्स अ व्हेरी इंटरेस्टिंग आयडिया. क्वाइट गुड.” घरी फोन आला, ताईंना वाटलं झालंच प्रमोशन. व्हेरी इंटरेस्टिंग! क्वाइट गुड! पेढे! आणि आता ऐका. आमचा भाचा बरीच वर्षं लंडनला आहे, तो म्हणतो, मावशी, इंग्रज माणूस “व्हेरी इंटरेस्टिंग” म्हणाला की बरेचदा त्याला ते पटलेलं नसतं. आणि “क्वाइट गुड” म्हणजे बरंय, ठीक आहे, त्याहून थोडं खाली. तोंडावर वाईट म्हणायचं नाही ही त्यांची रीत. अमेरिकन “क्वाइट गुड” म्हणाला तर मात्र खरंच चांगलं. आता कुणी काय समजायचं!

पुढे अप्रेझल आलं. पेढ्यांचा पुडा आम्ही संपवलेला, परत कसा द्यायचा? मी त्या दिवशी ताईंना जिन्यात भेटले, म्हटलं पेढे फार छान होते हो. त्या म्हणाल्या, “हो का.” एवढंच. पायऱ्या भराभर उतरल्या.

आता बँकेतल्या काकांचं ऐका, ‘सौख्य’मधले. त्यांचं इंग्रजी म्हणजे आपल्या गल्लीचं भूषण. रेन अँड मार्टिनचं व्याकरण तोंडपाठ. तो रेन म्हणजे कादंबरीकार बरं का, ‘बो जेस्ट’ लिहिणारा, मुंबई इलाख्याच्या शिक्षण खात्यात नोकरीला होता. काका हे दर दिवाळीला सांगतात. तर वहिनींनी भोळेपणानं धाकट्याला त्यांच्याकडे पाठवलं, जा, काकांना मेल दाखव. काकांनी चष्मा लावला, वाचलं, आणि म्हणाले, “हे काय? पत्राला काही अदब आहे की नाही?” मग स्वतः लिहून दिलं. “विथ रेफरन्स टु द सब्जेक्ट सायटेड अबव्ह, आय बेग टु स्टेट...” आणि असं करत करत दीड पानानंतर खाली “थँकिंग यू इन अँटिसिपेशन”. मागायचं काय होतं ते शेवटून तिसऱ्या ओळीत!

मुलगा म्हणाला, “काका, सुंदर आहे. पण तो अमेरिकन पहिली ओळ वाचतो आणि फोन खिशात टाकतो.” काकांचा पारा चढला. आमच्या वेळी असं, आमच्या मॅनेजरनं फाइलवर असं लिहिलं होतं... तुम्हाला ठाऊक आहे ते सगळं. मग मुलानं शांतपणे बफे काढला. वॉरन बफे हो, काकांचा देव. काका शेअर्सवाले ना. म्हणाला, “काका, बफे शेअरहोल्डरांना दर वर्षी पत्र लिहायचे, ते कसं लिहायचे माहितीये? आपल्या बहिणींना लिहितोय असं समजून. डॉरिस आणि बर्टी. हुशार आहेत, पण हिशेबातल्या जाणकार नाहीत, त्यांना कळलं पाहिजे असं.” अमेरिकेच्या शेअर बाजारावर देखरेख करणारं ते सरकारी खातं आहे ना, त्यांनी 1998 साली साध्या इंग्रजीत कसं लिहावं याचं पुस्तक काढलं, त्याच्या प्रस्तावनेत बफेंनी स्वतः हे सांगितलंय. आणि बफेंच्या ऑफिसच्या भिंतीवर कॉलेजची डिग्री नाही म्हणे, डेल कार्नेगीच्या कोर्सचं सर्टिफिकेट आहे. भाषणाला घाबरायचे, म्हणून ऐन विशीत शंभर डॉलर भरून शिकले होते.

काका गप्प. कधी नव्हे ते गप्प! काकू आतून डाळ निवडत म्हणाल्या, “मग मला बहीण समजून एकदा ते म्युच्युअल फंडाचं समजावून सांगा.” मी हसू दाबलं हो, पण काकूंनी नाही दाबलं.

मला विचाराल तर काकांचं व्याकरण काही फुकट नाही गेलं. मुलगा अजून त्यांच्याकडेच जातो, वाक्यात ‘हॅज’ की ‘हॅव’ अडलं की. फक्त पत्र कसं मांडायचं ते आपलं आपण ठरवतो. आणि काकांनीही परवा विमा कंपनीला पत्र लिहिलं, ते अडकलेल्या क्लेमसाठी. चार ओळी! पॉलिसी नंबर, तारीख, काय हवंय, कधीपर्यंत. कधीचे पाठवत होते दीड-दीड पानं, याला लगेच फोन आला. आता सगळ्यांना सांगत फिरतायत, संक्षिप्तपणा हा माझा मूळचाच गुण आहे. सांगू देत बापडे.

‘गुरुकृपा’च्या सुनेचं कळलं की नाही? तिची पण एक वेगळीच तऱ्हा. मूल झाल्यावर तीन वर्षं घरी, मग पुन्हा नोकरीला लागायचं म्हणून क्लास लावला. तीस दिवसांत फाडफाड इंग्रजी! पाटी बघितली असेल तुम्ही, नाव नाही घेत. फी भरली घसघशीत, आणि शिकवलं काय? पाऊस मुसळधार पडतो त्याला कुत्री-मांजरं पडली म्हणायचं. ऑफिसात कोण म्हणतं हो असं? आमच्या वेळी घरोघरी तर्खडकरांची भाषांतर पाठमाला होती, मग रॅपिडेक्स आलं, जाहिरातीत कपिल देव. ती पुस्तकं निदान कपाटात तरी राहिली. हे पैसे गेले ते गेले.

मग ती ‘इंग्लिश विंग्लिश’ बघून रडली. मीही रडले होते, 2012 साली, थेटरात. ती शशी गोडबोले आपल्यातलीच ना, लाडूवाली. आणि सिनेमा काढणारी गौरी शिंदे पुण्याचीच, तिच्या आईचाच लोणच्यांचा व्यवसाय होता. पण न्यूयॉर्कमध्ये चार आठवड्यांचा क्लास आणि शेवटी लग्नात भाषण, हे सिनेमात ठीक. या सुनेला भाषण कुठे करायचंय? अकाउंट्सचं काम मिळालं, अमेरिकन कंपनीचं. आणि पहिल्याच आठवड्यात तिची शीट परत आली. इंग्रजीची चूकच नव्हती! हिनं साडेबारा लाख लिहिले आपल्या पद्धतीनं, 12,50,000. त्यांना वाटलं टायपिंग चुकलंय, स्वल्पविराम भलतीकडे पडलाय. ते लिहितात 1,250,000. लाख नाही, कोटी नाही, थेट मिलियन. हिनं मग एक वही केली. रोज ऑफिसात कानावर पडलेलं एकेक वाक्य त्यात लिहायचं, जसंच्या तसं, आणि दुसऱ्या दिवशी कुठेतरी वापरायचंच. सासूबाईंवर पण वापरते! परवा म्हणाली, “आई, जस्ट अ जेंटल रिमाइंडर, गॅस बंद करायचाय.” आजी तेव्हापासून फुरंगटून बसल्यात. त्यांना जेंटल ऐकूच आलं नाही, रिमाइंडर तेवढा ऐकू आला.

आणि हे आपल्याकडेच आहे असं नाही. सुनेचा भाऊ रानडे इन्स्टिट्यूटमध्ये जपानी शिकला, आता टोकियोला असतो. तो सांगत होता, तिथे राकुतेन म्हणून मोठी कंपनी आहे, तिच्या मालकानं, त्या मिकितानींनी, 2010 साली जाहीर केलं की यापुढे ऑफिसचं सगळं काम इंग्रजीत. जपानी माणसांनी जपानी माणसांशी! कॅन्टीनमधला मेनूसुद्धा इंग्रजीत केला. दोन वर्षांची मुदत आणि परीक्षा. म्हणजे विचार करा, वरणभात मागायचा तरी इंग्रजीत. मला नाही पटत हो हे. जेवताना तरी माणसाला सोडावं.

तर काय सांगत होते... ‘श्रमसाफल्य’ताई. त्यांनी आता वेगळंच काढलंय. म्हणतात, आमच्या मुलाला स्वतःलाच जायचं नव्हतं, तिकडे थंडी फार. म्हणोत. आईचं मन आहे, मी काही बोलले नाही. आणि मुलगा खरंच वाईट नाही. उच्चार काय सुरेख आहेत त्याचे! फक्त त्याला कधी कुणी अडवलंच नाही ना. घरीदारी सगळे म्हणायचे, वा, काय इंग्लिश! मग मेल पाठवण्याआधी पुन्हा कशाला वाचेल?

पण आता जे सांगते ते मात्र तुमच्या-माझ्यात. आमच्या खिडकीतून मला ‘मातृछाया’चं मागचं अंगण स्वच्छ दिसतं, मुद्दाम नाही हो बघत, भांडी घासताना दिसतं. गेले पंधरा दिवस रोज रात्री कॉन्व्हेंटवाला येतो. लॅपटॉप उघडून दोघं पायरीवर बसतात. परवा तर मी ऐकलं, धाकटा त्याला म्हणत होता, “अरे, हे सगळं छान आहे, पण तुला पाहिजे काय ते वर घे ना.” आणि हा मुकाट्यानं खालची ओळ वर घेत होता. मग धाकट्यानं त्याला विचारलं, “शेड्यूल कसं म्हणायचं रे तिकडे, बर्मिंगहॅमला?” आणि त्यानं शिकवलं, तीनदा म्हणून दाखवलं.

ताईंना पत्ता नाही! त्यांना वाटतं, मुलगा ब्रूनोला फिरवायला जातो. आणि ब्रूनो बिचारा ‘मातृछाया’च्या पायरीवर वहिनींच्या हातची पोळी खात बसलेला असतो. वहिनी म्हणतात “बस रे”, की बसतो!